एअर पिस्तुलाचे छर्रे कोणते घेऊ? दुकानदाराने चार डबे समोर ठेवलेत (सोलापूर)

बंदमाग
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी आठवीत आहे. सहा महिन्यांपासून १० मीटर एअर पिस्तूल शिकतेय. एवढे दिवस क्लबचं पिस्तूल होतं, गेल्या महिन्यात वापरलेलं स्टायर एलपी२ घेतलं. साखर पेठेतला आमचा चादरीचा कारखाना दोन वर्षांपासून बंद आहे. माग भंगारात गेले, शेड तेवढी राहिली. लांबीला चौदा मीटर भरते, म्हणून तिथेच रेंज केली.

आता प्रश्न छर्ऱ्यांचा. दुकानदाराने आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच आणि एक देशी डबा असे चार पुढे ठेवले. त्यातही डोक्याचं माप ४.४८, ४.४९, ४.५०. वर "पिस्तुलाचे हलके, रायफलचे जड" ते वेगळंच. मी आयुष्यभर सुताचे काउंट ओळखले, यातलं काही कळेना. शेवटी डबा न घेताच परत आलो. पोरीने दोन दिवस अबोला धरला.

कोणते घेऊ? आणि पिस्तुलाशिवाय आणखी काय लागतं? पैसे मोजकेच आहेत.

शेंगाचटणी
काय वो मालक, पोरगी बोलंना म्हणून फोरमवर आलाव व्हय! आधी चारीचा एकेक डबा घ्या, मग बोलू.

बंदमाग
चार डबे म्हणजे दोन हजार छर्रे. पोरगी दहावी होईल तोवर पुरतील.

नेमबाज_ताई
नाही पुरणार दादा. रोज ८० शॉट धरले तर ५०० चा डबा आठवड्यात संपतो. सामना ६० शॉटचा असतो, वर आधीचे सायटरचे, म्हणजे नेम जुळवायचे, शॉट वेगळे. तेव्हा हिशेब महिन्याचा करा.

मी नऊ वर्षं राज्य पातळीपर्यंत पिस्तूल खेळले, आता पुण्यात नोकरी करते. माझं मत स्पष्ट आहे. चार डब्यांतला कुठलाही मॅच प्रतीचा, चपट्या डोक्याचा छर्रा चालेल. चपटाच का, तर कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार किंवा घुमटाकार छर्रा कागद फाडतो. तो डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

पैसे घालायचेच तर मुठीत घाला. ग्रिप कुणाच्या मापाची आहे? वापरलेलं पिस्तूल म्हणजे आधीच्या माणसाच्या हाताची मूठ. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात ती बसत नसेल, तर सोन्याचे छर्रे आणले तरी आठच लागणार.

मधला_मारुती
सोन्याचा विषय निघालाच म्हणून लिहितो. आमचं मधल्या मारुतीजवळ सराफी दुकान आहे, मुलगा कॉलेजकडून एअर रायफल खेळायचा. एका रात्री दुकान बंद झाल्यावर बापलेकांनी मिलिग्रॅमच्या काट्यावर एक देशी आणि एक जर्मन डबा, दोन्हीतले शंभर-शंभर छर्रे तोलले.

पिस्तुलाचा हलका छर्रा ०.४५ ग्रॅमच्या आसपास, रायफलचा ०.५३. आमच्या भाषेत पावणेचार गुंजा आणि सव्वाचार गुंजांहून थोडं जास्त. जर्मन डब्यात दोन-तीन मिलिग्रॅमचा फरक निघाला. देशी डब्यात दहा-बारा, आणि एक छर्रा तर असा होता की त्याची कडच अर्धी नव्हती. तेव्हापासून मी म्हणतो, माल तोलून घ्यावा. डब्यावर लिहिलेल्यावर विश्वास ठेवला असता तर आमचा धंदा तीन पिढ्या चालला नसता.

शेंगाचटणी
शेठ, मजुरी किती लावली? आणि घट?

मधला_मारुती
मजुरी बायकोने लावली. रात्री साडेअकराला जेवलो.

फिजिक्सवाले_सर
शेठजींच्या काट्याबद्दल आदर आहे, पण गणित करून बघू. फळ्यावर लिहिल्यासारखं लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. १० मीटरला ०.०६७ सेकंद लागतात. एवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने अंदाजे २२ मिलिमीटर खाली येतो. हे सायट लावतानाच धरलेलं असतं, त्याची चिंता नाही. आता वजनात दहा मिलिग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास २ टक्के. हवेने दिलेली ऊर्जा तीच धरली तर वेगात १ टक्का फरक पडतो आणि खाली येण्यात २ टक्के. २२ चे २ टक्के किती? अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही.

पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्ऱ्याची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. त्यात अर्धा मिलिमीटर कुठे शोधणार? रायफलवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांचं दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्यांनी तोलत बसावं. पिस्तूलवाल्याचा हात एका श्वासात वीस मिलिमीटर हिंडतो.

मधला_मारुती
सर, तुमचं गणित चांगल्या छर्ऱ्याचं झालं. कड नसलेल्या छर्ऱ्याचं गणित करून दाखवा.

फिजिक्सवाले_सर
ते नाही येत. मान्य. मागच्या घेराला पोचा पडला की छर्रा नळीतून तिरका निघतो, तिथे माझं सूत्र संपतं.

सुभेदार_निवृत्त
जय हिंद. सर आणि शेठ दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघांनी पोरीच्या जागी उभं राहून बघितलेलं नाही.

मी फौजेतून आल्यावर बरीच वर्षं पोरांना शिकवलं. सुरुवातीला मीही म्हणायचो की शिकाऊ पोराला कसलाही छर्रा चालतो. मग एक पोरगा आला, हात सुंदर. शॉट सुटल्यावर तोंडाने सांगायचा, "सर, नऊ, उजवीकडे." आणि कागदावर तिथेच असायचं. महिन्याभराने त्याचं सांगणं चुकायला लागलं. तो सांगायचा दहा, कागदावर सात. डावीकडे खाली, मग वर, मेळ कशाचाच नाही. पोरगा स्वतःवरच संशय घ्यायला लागला, ट्रिगर ओढताना बिचकायला लागला. शेवटी पिस्तूल शिकंजात आवळलं आणि पाच-पाच शॉट मारले. दर पाचात एक बाहेर. डबा पडून दबला होता, निम्म्या छर्ऱ्यांचे घेर वाकडे. डबा बदलायला पाच मिनिटं लागली. पोराच्या मनातली बिचक जायला चार महिने.

दहा मिलिग्रॅमने गुण जात नाहीत, सरांचं खरं आहे. पण शॉट वाईट गेला तर तो माझाच, हे पोराला छातीठोक म्हणता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी बरा छर्रा घ्या. त्याच्यावर एक पैसा जास्त घालू नका.

बंदमाग
सुभेदारसाहेब, हे वाचून बरं वाटलं आणि भीतीही वाटली. शिकंजात आवळायचं म्हणजे नक्की कसं? आमच्याकडे मागाचा जुना व्हाइस आहे.

सुभेदार_निवृत्त
व्हाइस पक्क्या टेबलाला बोल्टने कसा. नळी किंवा हवेचं सिलिंडर आवळायचं नाही, पिस्तूल वाया जाईल. चौकटीला दोन्हीकडून जाड रबर नाहीतर चामडं लावून हलकेच धरा. ट्रिगर दाबताना टेबल हलू देऊ नका. प्रत्येक जातीचे आधी पाच-सहा छर्रे असेच सोडा, नळीला नवीन शिसं लागू द्या. मग पाच-पाचचे चार कागद. भोकांची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा, ४.५ वजा करा. सगळे शॉट आठ मिलिमीटरच्या आत आले तर डबा पास. ४.४८ की ४.५० हे तुमची नळीच सांगेल, आमच्यापैकी कुणी सांगू शकत नाही.

अक्कलकोट_रोड
जरा विषयांतर. माझा आतेभाऊ टेक्सासला असतो. गॅरेजमध्ये प्रेस मांडलाय आणि पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतो. वापरलेली पितळी केस परत वापरतो, गोळ्या वेगवेगळ्या मागवतो, शिशाच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या. म्हणतो निम्म्या पैशात पडतं आणि नेमही सुधारतो. आमच्या वडिलांकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, काडतुसं महाग झालीत. इथे कुणी करतं का असं? सामान कुठलं घ्यावं?

नेमबाज_ताई
करू नका. विषय संपला.

वकील_सातरस्ता
ताईंनी निकाल दिला, मी कारणं देतो. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम ५. काडतूस बनवायला सरकारी परवाना लागतो. वडिलांचा परवाना रिव्हॉल्व्हर बाळगायचा आणि ठरलेल्या संख्येत काडतुसं घ्यायचा आहे, बनवायचा नाही. पितळी केस जुनी आहे, नवीन काय बनवलं, असा युक्तिवाद घेऊन माझ्याकडे येऊ नका, मी फी दुप्पट घेईन. कलम २५ मध्ये शिक्षा वर्षांत मोजतात. आतेभावाच्या गॅरेजला तिथला कायदा लागू, तुमच्या जिन्याखालच्या खोलीला इथला.

धागाकर्त्यांनी घाबरू नये. .१७७ इंच (४.५ मिलिमीटर) नळीपर्यंतची आणि २० जूलपर्यंतची एअर पिस्तुलं २०१६ च्या नियमांप्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येतात. बिल मात्र जपून ठेवा.

फिजिक्सवाले_सर
तुमचं पिस्तूल पाच-सहा जूलचं भरेल, बंदमाग. मर्यादेच्या खूप आत.

सुभेदार_निवृत्त
अक्कलकोट रोडवाल्यांनी राग मानू नये, पण फौजेत दारूगोळ्याचं काम पाहिलंय म्हणून सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी घरचा भरलेला राउंड म्हणजे विषाची परीक्षा. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, आणि पुढचा शॉट मारणाऱ्याला ते कळत नाही. दुप्पट पडली तर चेंबर फुटतं. तिकडचे लोक करतात ते वर्षानुवर्षं शिकून, प्रत्येक राउंड तोलून. आणि .२२ ची काडतुसं तर तिकडेही कुणी भरत बसत नाही, कारण पेटवायचा मसाला केसच्या कडेच्या आतच असतो. पिन तिथे आपटली की ती कड चेपते, केस संपली. आपली राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल खेळते ते .२२ चंच.

अक्कलकोट_रोड
बरं बाबांनो, विचारलं फक्त. वडिलांनाही विचारलं तर म्हणाले, आहेत ती सहा काडतुसं मला पुरतात, मी कुठं लढाईला चाललोय.

पंचगंगा_पार
राहीचं नाव निघालं म्हणून कोल्हापूरकर हजर! २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये सुवर्ण, २०१८ ला पालेमबांगला आशियाई सुवर्ण. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती. पॅरिस ऑलिंपिकला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. सोलापूरकरांनो, छर्रे तोलत बसा तुम्ही.

शेंगाचटणी
आलं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं पातेलं उतू! वो पाव्हणं, आमच्याकडं मे महिन्यात ४३ डिग्रीत माणूस नुसता सरळ हुबा राहिला तरी मेडल द्याया पायजे. तुमच्याकडं पाऊस पडतो म्हणून नेम लागतो.

नेमबाज_ताई
उन्हाची चेष्टा नाही हं. दादा, तुमच्या शेडला पत्रे आहेत का? असतील तर एलपी२ चं सिलिंडर तिथे ठेवू नका, गाडीच्या डिकीतही नको. २०० बारची हवा असते त्यात, तापली की दाब वाढतो. वापरून झालं की घरात, कपाटात. आणि वापरलेलं पिस्तूल घेतलंय तर सिलिंडरवरची तारीख आधी बघा. दहा वर्षं उलटली की सामन्याच्या तपासणीत ते बाद करतात. माझ्या मैत्रिणीला बालेवाडीला तपासणीच्या टेबलावरून परत पाठवलं होतं, बिचारी रात्रीच्या गाडीने उभी आली होती.

बंदमाग
ताई, बघितली. तीन वर्षं शिल्लक आहेत. वाचलो. विकणाऱ्याने हे काहीच सांगितलं नव्हतं.

पत्रे आहेत. शेजारची शेड अजून चालू आहे, तिथले माग सुरू झाले की आमच्या जमिनीलाही हादरे बसतात. पोरगी म्हणते, बाबा, खट् आणि खट् याच्या मधे शॉट मारायचा. तिने आपोआप ती लय पकडलीय. हे चांगलं की वाईट?

सुभेदार_निवृत्त
वाईट. सामन्यात माग नसतात. आठवड्यातून दोन दिवस तरी शेजारची सुट्टी बघून सराव ठेवा.

मधला_मारुती
छर्रे अडवायला मागे काय लावलंय? आम्ही सुरुवातीला लाकडी फळी लावली होती. शिसं उलटं उडून मुलाच्या चष्म्यावर आलं.

बंदमाग
आता हसू नका. सोलापुरी चादर. आमच्याच कारखान्यातली, शेवटच्या लॉटमधली, चार घड्या करून टांगली. पहिल्या दिवशी थांबले. दुसऱ्या दिवशीपासून चाळणी. आईने बघितलं आणि म्हणाली, तुझ्या आजोबांनी हाताने डिझाइन काढलंय हे, मोराच्या डोळ्यात भोक पाडलंस.

शेंगाचटणी
मोराच्या डोळ्यात? म्हंजे पोरीचा नेम लागूलालाय की! छर्रे बरोबर हायेत, धागा बंद करा.

नेमबाज_ताई
हसून पोट दुखलं. आजींची माफी मागा आणि पत्र्याची पेटी करून घ्या. आत मागच्या बाजूला पोलादी पट्टी ४५ अंशात तिरकी, छर्रा खाली आपटून तळाशी पडतो. तळात कारखान्याच्या चिंध्या भरा, त्या तुमच्याकडे ढिगाने असतील. मागे भिंतच हवी, दार किंवा खिडकी नको. रेंजमध्ये जो कुणी असेल, त्याच्या डोळ्यावर चष्मा. आजी बघायला आल्या तर त्यांच्याही.

आणि शिसं. छर्रे हाताळून झाले की साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मुलींना सवय असते एका हाताने छर्रा भरत दुसऱ्या हाताने चिवडा खायची. ओठात छर्रा धरून उभी राहणारी मुलंही मी पाहिली आहेत. ते पहिल्याच दिवशी बंद करा. पेटी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

फिजिक्सवाले_सर
बाकी सामानाचं राहिलंच. बूट लागतात का हो ताई? माझ्या विद्यार्थ्याच्या पालकांनी आधी बूटच घेतले होते.

नेमबाज_ताई
लागतात, पण आत्ताच नाही. घोट्याच्या खाली राहणारा, सपाट आणि कडक तळाचा कुठलाही कॅनव्हासचा बूट एक वर्ष चालतो. जाड, मऊ तळाचे धावायचे बूट नकोत, त्यात माणूस डुलतो. डाव्या डोळ्यावर झापड म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा चष्म्याला चिकटवा. रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नियम आहे. महागडा नेमबाजीचा चष्मा लगेच घेऊ नका. आधी डोळे तपासा.

हवा भरायला हातपंप घेतलात तर हात भरून येतील, दादा. तुमचे येऊ द्या. शॉट मारायच्या आधी पोरीला पंप मारायला लावू नका.

ट्रिगरचं वजनही तपासून घ्या. ५०० ग्रॅमच्या खाली चालत नाही. सामन्याआधी ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून उचलतात, ट्रिगर सुटला की बाद.

मधला_मारुती
बरोब्बर ५०० चं वजन मी देतो. शिक्का मारलेलं, दुकानातलं. संध्याकाळी या, चहा घेऊ.

पंचगंगा_पार
बघा, कोल्हापूरकरांनी डिवचल्यावर सोलापूर एक झालं. पण एक खरं सांगतो. मनू भाकरचं टोकियोला ऐन सामन्यात पिस्तूल बिघडलं होतं, दुरुस्तीत वेळ गेला आणि फायनल हुकली. तीच पोरगी पॅरिसला २८ जुलै २०२४ ला कांस्य घेऊन आली. तेव्हा ओरिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या), स्क्रू, पाना यांची छोटी पेटी छर्ऱ्यांच्या आधी घ्या.

शेंगाचटणी
हे बरं बोललाव पाव्हणं. या कधीतर गड्ड्याच्या यात्रेला. तितं बी फुगं फोडायची बंदूक असती, नळी वाकडी, छर्रे त्याहून वाकडे. तितं दहात दहा फोडून दाखवा.

बंदमाग
अडीच आठवड्यांनी परत आलोय.

शेठजींकडे गेलो, ५०० चं वजन लावलं. ट्रिगर ४६० लाच सुटत होता. म्हणजे क्लबच्या पहिल्याच स्पर्धेत बाद झालो असतो. सुभेदारसाहेबांनी फोनवर सांगितलं तसा स्क्रू फिरवला, आता ५२० ला सुटतो.

आर१०, फिनाले मॅच आणि देशी, तिन्ही व्हाइसवर लावून पाहिले. दुकानदार भला माणूस, त्याने फुटलेल्या डब्यांतले तीस-तीस छर्रे सुटे दिले. जेएसबीचा फुटलेला डबा नव्हता. आर१० चे पाच शॉट सहा मिलिमीटरमध्ये, फिनाले मॅचचे साडेसहा, देशीचे नऊ आणि एक भलतीकडेच. फिनालेचे ४.४९ घेतले, कारण त्याच्याकडे तेच एका लॉटचे सहा डबे होते आणि आर१० चा एकच. ताई, हे बरोबर केलं ना?

मुठीचं सांगतो. ताईंनी लिहिलं त्या रात्री पोरीचा हात ग्रिपवर ठेवून बघितला तर करंगळी हवेत. आमचा मागाचा धोटा दुरुस्त करणारा सुतार अजून आहे, सत्तरीचा. त्याने पिस्तूल हातात घेतलं नाही, म्हणाला मला भीती वाटते. नुसती लाकडी मूठ काढून दिली. त्याने पोरीचा हात कणकेत दाबून ठसा घेतला आणि दोन दिवसांत मूठ तासून, मागे लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून परत दिली. पहिल्या दिवशी साठ शॉटमध्ये ५०१. आधी ४८० च्या वर कधी गेली नव्हती. छर्रे अजून क्लबचेच जुने होते तेव्हा.

नेमबाज_ताई
एका लॉटचे घेतले ते अगदी बरोबर. आणि त्या सुतारकाकांचा पत्ता मला द्या, फोरमवर नको, निरोपात. माझी मूठ नऊ वर्षं टोचतेय.

सुभेदार_निवृत्त
५०१ ची मिठाई नंतर. उद्यापासून रोज अर्धा तास कोऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल. छर्रा नाही, टार्गेट नाही. आधी उघडून रिकामं आहे हे बघायचं, मगच.

मधला_मारुती
माझं ५०० चं वजन?

बंदमाग
उद्या आणून देतो शेठ. पोरीने दप्तरात ठेवलंय, शाळेत सगळ्यांना दाखवतेय.